रोव्हरचा डबा: पुण्याच्या उन्हापावसात टिकणारा आरटीके रिसीव्हर कसा उभारावा

आरटीके म्हणजे माहीत असलेल्या जागेवरच्या रिसीव्हरकडून (बेस) दुरुस्त्या घेऊन फिरत्या रिसीव्हरची (रोव्हर) जागा उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत काढायची पद्धत. अशी अचूकता देणारा रिसीव्हर घ्यायला गेलं की विक्रेता आधी चॅनेलचा, म्हणजे एका वेळी किती सिग्नल धरता येतात त्याचा, आकडा सांगतो. १८४, ४४८, १४०८. ऐकून घ्यावं आणि पुढे जावं. पुण्याच्या मोकळ्या आकाशात सगळ्या देशांचे मिळून एका वेळी चाळीस-पन्नास उपग्रह दिसतात. प्रत्येकाच्या तीन फ्रिक्वेन्सी धरल्या तरी दीडशे चॅनेलांत काम भागतं. त्यापुढचे चॅनेल कागदावर शोभतात.

खरा हिशोब दुसरीकडे आहे. चांगल्या बोर्डाची (रिसीव्हरचं आतलं सर्किट) आरटीके चूक आडव्या दिशेत ८ मिमी ते १ सेंमी, अधिक बेसपासून दर किलोमीटरमागे १ मिमी. आता हा बोर्ड २ मीटरच्या पोलवर चढवा आणि पोलला बाजारात सर्रास मिळणारा ४० मिनिटांचा (कोनाची मिनिटं, ६० मिनिटं म्हणजे एक अंश) गोल बबल लावा. अशा बबलमधला बुडबुडा २ मिमी सरकला की पोल दोन तृतीयांश अंशाने कललेला असतो, आणि वरचं टोक २३ मिमी बाजूला गेलेलं असतं. म्हणजे बोर्डाची सगळी अचूकता बबलनेच खाल्ली. ८ मिनिटांचा बबल घेतला तर तीच चूक ५ मिमीच्या आत येते. दोन बबलांच्या किमतीतला फरक बोर्डाच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी लोक पैसे बोर्डावर घालतात.

जीपीएसची एल१ लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, म्हणजे साधारण १९ सेंमी लांबीची. आरटीके रिसीव्हर या लहरीचा फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) मोजतो आणि उपग्रहापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हे गणिताने शोधतो. ती संख्या पक्की झाली की फिक्स, म्हणजे सेंटिमीटरचं उत्तर; नाही झाली तर फ्लोट, म्हणजे ढोबळ उत्तर. मध्येच लहर क्षणभर निसटली तर त्या उपग्रहाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. केबल हलली, व्होल्टेज डळमळलं, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, बोर्ड थरथरला, तर चारही वेळा शेवट एकच: फिक्स जातो. म्हणून माझ्या लेखी दणकटपणा आणि अचूकता हे एकच काम आहे, आणि त्यातलं बरंचसं बोर्डाच्या बाहेर, डब्यात घडतं.

हे टिपण तयार बोर्ड आणून स्वतःचा रिसीव्हर उभारणाऱ्यांसाठी आहे: लहान सर्व्हे फर्म, ट्रॅक्टरवर गायडन्स बसवणारे, ड्रोनवाले, प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी. तयार रोव्हर घेणाऱ्यांनाही दुकानात काय उलटून-पालटून बघायचं ते यातून कळेल.

बोर्ड: लवकर उरकायचा निर्णय

यू-ब्लॉक्सचा झेडईडी-एफ९पी, युनिकोरचा यूएम९८०, सेप्टेंट्रिओचा मोझेक-एक्स५. तिन्ही चांगले. पहिला स्वस्त आणि त्यावर लिहिलेलं साहित्य भरपूर. दुसरा तीन फ्रिक्वेन्सी घेतो. तिसरा महाग, पण आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटात टिकून राहण्यात सरस. शेतात आणि मोकळ्या प्लॉटवर काम असेल तर पहिल्या दोघांपुढे जायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. एफ९पी एल१-एल२ असाही मिळतो आणि एल१-एल५ असाही (ही उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सींची नावं). एल५ हा ११७६.४५ मेगाहर्ट्झचा नवा सिग्नल. जीपीएसच्या जुन्या उपग्रहांवर तो नाहीच. तुमचा रोव्हर एल१-एल५ आणि बेसकडून येणारा दुरुस्तीचा प्रवाह एल१-एल२ चा असेल तर जीपीएसपुरती दुसरी फ्रिक्वेन्सी वाया जाते आणि फिक्स रेंगाळतो. बेस किंवा कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांचं जाळं) काय पाठवतं ते आधी बघा, मग बोर्ड मागवा, मग त्याच जोडीचा अँटेना.

दुसरी फ्रिक्वेन्सी पुण्यात चैनीची नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आयनोस्फिअर, म्हणजे सिग्नलला उशीर लावणारा वातावरणाचा वरचा थर, दाट असतो आणि आपण त्याच्या छायेत येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर काही तास सिग्नल लुकलुकतात, सौरचक्राच्या चढत्या काळात जास्तच. त्या वेळी फिक्स गेला तर डबा उघडून बसू नका. सकाळी तोच डबा निमूट चालेल.

अँटेना: इथे पैसे घाला

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा सुमारे उणे १३० डीबीएम इतका क्षीण असतो, रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेच्या गोंगाटाखाली बुडालेला. त्याला वर काढण्याचं पहिलं काम अँटेनाच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर करतो. तिथे जो गोंगाट मिसळला तो पुढे कुठलाही महागडा बोर्ड वेगळा काढू शकत नाही.

पर्याय तीन. चौकोनी पॅच, जो स्वस्त असतो आणि खाली किमान १० सेंमीचा धातूचा पत्रा मागतो; गाडीच्या टपावर ठीक. हेलिकल, हलका, पत्र्याशिवाय चालणारा, ड्रोनसाठी योग्य. आणि सर्व्हेचा बशीसारखा अँटेना, जो जमिनीकडून येणारे परावर्तित सिग्नल बऱ्यापैकी रोखतो. पोलवरच्या रोव्हरला आणि बेसला मी बशीच सांगेन, कारण पुण्यात परावर्तनाची सोय जागोजागी आहे: पत्र्याची शेड, पाण्याच्या टाक्या, काचेच्या इमारती, उसाच्या ओल्या पानांची भिंत.

विकत घेताना दोन प्रश्न विचारा. फेज सेंटरचं कॅलिब्रेशन प्रसिद्ध झालेलं आहे का? अँटेना ज्या बिंदूवर सिग्नल घेतो असं गणित धरतं तो बिंदू तळाच्या धातूच्या कडेपासून काही सेंमी वर असतो, आणि एल१ साठी व एल२ साठी तो थोडा वेगळा असतो. ही कॅलिब्रेशनची फाइल नसेल तर उंचीत चूक कायमची बसते आणि ती दर वेळी सारखीच येत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा प्रश्न, अँटेनावर उत्तरेची खूण आहे का. बेस आणि रोव्हर दोन्ही एकाच दिशेला तोंड करून ठेवले की उरलेली चूक बरीचशी एकमेकांत वजा होते.

अँटेना डब्याच्या आत, झाकणाखाली बसवायचा असेल तर झाकण प्लास्टिकचंच हवं. पॉलिकार्बोनेट किंवा एएसए. कार्बन फायबर दिसायला देखणं, पण सिग्नल अडवतं. धातूचे कण असलेला चंदेरी रंगही तेच करतो. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत तेवढं तापमान सहज गाठलं जातं.

इथेच एक गंमत सांगतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिचा सर्वांत वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, म्हणजे आपले एल२ आणि एल५ तिच्या पट्ट्यात पडतात. आपण ज्या सिग्नलासाठी जीव टाकतो तोच त्यांच्यासाठी कचरा. त्या भागात मोजणीला जाताना रिसीव्हरचा त्रास कुणालाच नाही, तो नुसता ऐकतो. पण स्वतःचा रेडिओ मोडेम लावण्याआधी तिथे विचारलेलं बरं.

केबल आणि जोड

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास ‘५० ओहमची केबल द्या’ म्हटलं की आरजी-५८ हातात पडते. १.५ गिगाहर्ट्झला ती मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास खाते. पोलवर दीड-दोन मीटर चालेल. गच्चीवरच्या बेसपासून खाली खोलीत २० मीटर आणायची असेल तर एलएमआर-४०० घ्या. तिचा घास मीटरमागे ०.१७ डेसिबल. जाड आहे, वळत नाही, पण गच्चीवर वळवायचीय कशाला?

टीव्हीची आरजी-६ चालते का, हा प्रश्न हमखास येतो. ती ७५ ओहमची असली तरी बेमेळामुळे होणारं नुकसान फार थोडं आणि तिचा स्वतःचा ऱ्हास आरजी-५८ पेक्षा कमी. टेबलावर खुशाल वापरा. बाहेर नको, कारण तिचा एफ कनेक्टर पाणी धरतो.

डब्याच्या बाहेर टीएनसी कनेक्टर लावा. आटे मोठे असल्यामुळे ओल्या हातानेही फिरतो. वायफायच्या वस्तूंबरोबर येणारा आरपी-एसएमए कनेक्टर हा अँटेनाच्या नेहमीच्या एसएमएसारखाच दिसतो, घट्टही बसतो, पण मधली पिन जुळत नाही आणि एकही उपग्रह दिसत नाही. जोडण्याआधी मधली पिन डोळ्यांनी बघा.

डब्याच्या आत बोर्डापाशी यू.एफएल हा चिमुकला जोड असतो. उत्पादक त्याला ३० वेळा लावण्या-काढण्याची हमी देतात, त्यामुळे प्रयोगाच्या काळातच तो अर्धा संपतो. शेवटची जोडणी झाली की त्यावर न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा थेंब ठेवा. न्यूट्रल हा शब्द ट्यूबवर शोधा. व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि काही महिन्यांत तांब्यावर हिरवं चढतं.

पॉवर आणि डेटासाठी ब्रँडेड रोव्हरवर लेमोचे गोल कनेक्टर असतात. उत्तम, आणि महाग. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत प्रॉक्सिमिटी सेन्सरला लावतात तो एम१२ कनेक्टर बरोबरीने टिकतो, जोडलेला असताना आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) देतो आणि तयार केबलसह सहज मिळतो. मात्र उघडा ठेवला तर त्यात पाणी शिरतं. झाकणी दोरीने बांधूनच ठेवा.

वीज

एफ९पी स्वतः अर्ध्या वॉटच्या आत भागवतो. ब्लूटूथ, कंट्रोलर आणि फोरजी मोडेम धरले की सरासरी २.५ वॉटच्या आसपास जाते. १८६५० मापाचे ३००० एमएएचचे ४ लिथियम सेल म्हणजे सुमारे ४३ वॉट-तास. रूपांतरातलं नुकसान आणि सेलचं वय वजा केलं तरी पूर्ण दिवसाची मोजणी निघते.

सेल कुठेही तापतात, पण ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नयेत. दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चार्जिंगला लावलेला डबा ही मर्यादा ओलांडतोच. त्यामुळे चार्जिंग आयसी तापमान बघणारा घ्या आणि त्याचा थर्मिस्टर सेलला चिकटवा, बोर्डावर मोकळा सोडू नका.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चालवायचं असेल तर १२ व्होल्ट हा आकडा विसरा. स्टार्टर मारताना तो निम्म्यावर येतो आणि बॅटरीची तार सुटली तर अल्टरनेटर क्षणभर कितीतरी वर नेतो. क्रम असा ठेवा: आधी फ्यूज, मग उलट जोडणी अडवणारा मॉसफेट, मग टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका गिळणारा), मग ६० व्होल्ट सोसणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा). स्टार्टरच्या डुबकीसाठी आतली बॅटरी मध्ये असू द्या, म्हणजे बोर्डाला काही कळतच नाही.

बक कन्व्हर्टर हा आतला सर्वांत मोठा गोंगाटखोर. त्याला अँटेनाच्या जोडापासून दूरच्या कोपऱ्यात, शक्य तर पत्र्याच्या डबीत ठेवा, आणि बोर्डाला वीज देताना शेवटी एक लिनिअर रेग्युलेटर घाला. थोडी वीज उष्णतेत जाते, पण सिग्नल स्वच्छ राहतो.

डबा: पाणी आत कसं येतं

आयपी६७ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी नुकसान नाही. हा आकडा असूनही पावसाळ्यात डब्यात पाणी सापडतं आणि लोक गास्केटला शिव्या घालतात. कारण बहुतेक वेळा वेगळं असतं.

मे महिन्यातली दुपार धरा. उन्हात डबा ५५ अंशांवर गेलाय. वळवाचा पाऊस आला आणि दहा मिनिटांत डबा २५ अंशांवर आला. आतली हवा आक्रसते आणि दाब सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, त्यामुळे ही ओढ जवळजवळ ८.७ किलोपास्कलची, म्हणजे ९० सेंमी पाण्याच्या स्तंभाइतकी. डबा पोलवर हवेत आहे, पण गास्केटच्या दृष्टीने तो मीटरभर पाण्यात बुडाला आहे, आणि अशी बुडी रोज एकदा. डबा श्वास घेतो आणि नाकाशी पाणी असेल तर पाणी घेतो.

उपाय गास्केट आणखी आवळणं हा नाही. श्वासाला जागा द्या: हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पीटीएफईची पापुद्र्यासारखी झडप, एम१२ आट्यात मिळते. ती डब्याच्या तळाला किंवा बाजूला बसवा, माथ्यावर नको, कारण पाणी साचून पापुद्रा झाकला की श्वास बंद. तिच्यावर रंग किंवा वार्निश जाऊ देऊ नका.

गास्केटसाठी गोल सिलिकॉनची दोरी आणि तिला बसायला खाच. दोरी तिच्या जाडीच्या वीस-पंचवीस टक्के दबली पाहिजे. त्याहून जास्त दाबली तर ती कायमची चपटी होते. स्क्रूची भोकं खाचेच्या बाहेरच्या बाजूला घ्या. आतल्या बाजूला घेतली तर प्रत्येक स्क्रू हा पाण्याचा नळ. घट्ट करताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे.

डब्याचं शरीर अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. भोसरीत सीएनसीवर एक-दोन नग करून देणारी छोटी युनिट आहेत. ड्रॉइंगवर खाचेचं माप आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा स्पष्ट लिहा, नाहीतर खाचेत टूलच्या रेघा राहतात आणि पाणी त्यांच्यावरून चालत येतं. अ‍ॅनोडायझिंग करून घ्या. रंग पांढरा किंवा फिकट राखाडी. काळा डबा रुबाबदार दिसतो आणि आतला सेल मारतो.

बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) द्या, पण आरएफ जोड, पिना आणि झडप झाकून. पूर्ण बोर्ड इपॉक्सीत बुडवायच्या भानगडीत पडू नका. क्रिस्टलवर ताण येतो आणि दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो.

चाचणी घरच्या घरी होते. आतलं सगळं काढा, टिशू पेपर ठेवा, कनेक्टरच्या झाकण्या लावा आणि डबा उन्हात हात लावता येणार नाही इतका तापू द्या. मग थेट गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास दगड ठेवून बुडवून ठेवा. उघडल्यावर टिशू कोरडा असेल तर डबा कुठल्याही पावसात आतून कोरडा राहील. फार तापवून गार पाण्यात टाकणं हे आयपी६७ च्या प्रमाणित चाचणीपेक्षा कडक आहे, त्यामुळे कागदी प्रमाणपत्र हवं असेल तर ते वेगळं, एआरएआयसारख्या प्रयोगशाळेतून घ्यावं लागतं.

थरथर

बोर्डावरचा टीसीएक्सओ हा रिसीव्हरचं घड्याळ. त्याला धक्का बसला की त्याची फ्रिक्वेन्सी किंचित डोलते आणि लहर धरून ठेवणारं सर्किट चुकतं. पोलवर फारसं जाणवत नाही. रोलर, जेसीबी, ट्रॅक्टर यांच्यावर जाणवतं. बोर्ड चारही कोपऱ्यांत आणि लांब असेल तर मध्येही टेकवा, स्टँडऑफखाली पातळ रबर घाला, स्क्रूंना थ्रेडलॉकचा थेंब द्या. आतली प्रत्येक वायर बांधा. लोंबकळणारी वायर आज नाही तर सहा महिन्यांनी आपल्या सोल्डरपाशी तुटते.

तपासायला पुण्यात वेगळं यंत्र लागत नाही. डबा दुचाकीच्या कॅरिअरला बांधा, अँटेना वर मोकळा ठेवा आणि मोकळ्या आकाशाच्या पण स्पीडब्रेकरांच्या रस्त्यावरून लॉग चालू ठेवून जा. नंतर फाइलमध्ये बघा: प्रत्येक ब्रेकरला सगळ्या उपग्रहांची लहर एकदम तुटत असेल तर दोष घड्याळात, वायरीत किंवा विजेत. एखाद-दोन उपग्रहच तुटत असतील तर वाटेतलं झाड असेल.

दुरुस्तीचा प्रवाह

पुण्यात मोबाइल नेटवर्क असेल तिथे इंटरनेटवरून दुरुस्त्या आणणारा एनट्रिप हाच सोपा मार्ग. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यावर नोंदणी करून आयडी घ्या. फिक्स येत नाही अशा तक्रारींत एक कारण वारंवार सापडतं: रोव्हर आपली जीजीए ओळ (स्वतःची जागा सांगणारा संदेश) सर्व्हरला परत पाठवत नाही. सर्व्हर जवळच्या स्टेशनांवरून आभासी बेस बनवतो, तेव्हा त्याला तुम्ही कुठे आहात हे कळावं लागतं.

ताम्हिणीत, वेल्ह्याच्या दऱ्यांत नेटवर्क नसतं. तिथे स्वतःचा बेस आणि रेडिओ. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे यूएचएफ मोडेम बाजारात मिळतात, पण चालवायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचा परवाना लागतो. परवान्याशिवाय चालणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, १ वॉटपर्यंत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे मोडेम अमेरिकेसाठी बनलेले असतात. आपल्याकडे त्या पट्ट्याचा काही भाग मोबाइल कंपन्यांकडे आहे.

बेसकडून आरटीसीएमचा (दुरुस्त्या पाठवायची ठरलेली भाषा) १००५ किंवा १००६ हा संदेश यायलाच हवा, कारण बेसचे निर्देशांक त्यातच असतात. उपग्रहांचा डेटा १०७४, १०८४, १०९४, ११२४ मधून, आणि ग्लोनास (रशियाचे उपग्रह) वापरत असाल तर १२३० ही लागतो. रेडिओचा वेग कमी असेल तर १००५ दहा सेकंदांतून एकदा पाठवा.

मैदानात उतरण्याआधी

पहिली तपासणी गोंगाटाची. मोकळ्या गच्चीवर अँटेना ठेवा आणि डोक्यावरच्या उपग्रहांचा सिग्नल-गोंगाट आकडा बघा. ४५ ते ५० डीबी-हर्ट्झ यायला हवा. मग एकेक गोष्ट चालू करा: मोडेम, ब्लूटूथ, चार्जर. जे चालू केल्यावर आकडा दोन-तीनने खाली येतो ते गुन्हेगार. झाकण लावून पुन्हा बघा, कारण बंद डब्यात आतला गोंगाट वेगळा वागतो.

दुसरी तपासणी बोर्डाची. एका अँटेनाचा सिग्नल स्प्लिटरने दोन रिसीव्हरना द्या. दोघांत अंतर शून्य, तेव्हा उत्तर शून्याभोवती एक-दोन मिमीत नाचलं पाहिजे. स्प्लिटरच्या एका फाट्यात डीसी अडवलेला असावा, नाहीतर दोन्ही रिसीव्हर एकमेकांत वीज ढकलतात.

तिसरी मला सर्वांत आवडणारी. जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी दर दिवशी सुमारे ४ मिनिटं आधी तशीच्या तशी परत येते. दोन लागोपाठ दिवस एकाच जागी, त्याच वेळेला फक्त जीपीएसवर तासभर लॉग घ्या. दुसऱ्या दिवसाचा आलेख ४ मिनिटांनी सरकवून पहिल्यावर ठेवा. चढ-उतार जुळले तर ती चूक परावर्तनाची आहे, जागा बदला. जुळले नाहीत तर चूक डब्याच्या आत शोधा. या तपासणीला काही खर्च नाही आणि ती जागा व यंत्र यांच्यातलं भांडण मिटवते.

शेवटी दोन ट्रायपॉड, मधलं अंतर पोलादी टेपने मोजलेलं. रोव्हरने दोन्ही बिंदू घ्या, अंतर काढा. इथे पुण्याची एक खोड आड येते. यूटीएम या नकाशाच्या प्रक्षेपणातल्या ४३ उत्तर पट्ट्यात आपण मध्यरेषेपासून, म्हणजे ७५ रेखांशापासून, सुमारे १२० किमी पश्चिमेला आहोत, त्यामुळे नकाशावरचं अंतर किलोमीटरमागे २२ सेंमी कमी येतं. समुद्रसपाटीपासूनची उंची धरली की एकूण ३० सेंमीच्या आसपास. दहा-वीस मीटरच्या टेपला काही फरक पडत नाही, पण दोन किमी रस्त्याची लांबी टोटल स्टेशनशी (जमिनीवर कोन-अंतर मोजणारं यंत्र) जुळली नाही म्हणून रिसीव्हर परत पाठवणारे असतात.

उंचीचंही तसंच. रिसीव्हर मोजतो ती लंबगोलावरची उंची; पुण्याच्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठहून जास्त मीटरांनी कमी असते. साडेपाचशे मीटरच्या पुण्यात पाचशेच्या आतला आकडा दिसला तर घाबरू नका, जीऑइडचं (समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचं) मॉडेल लावलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. मोजणीच्या नोंदीत कुठलं मॉडेल लावलं ते लिहा.

सगळं जमलं की डब्याच्या तळाला एक न पुसणारं स्टिकर लावा. त्यावर अँटेनाचं मॉडेल, तळाच्या कडेपासून एल१ आणि एल२ फेज सेंटरची उंची, पोलच्या टोकापासून तळाच्या कडेपर्यंतचं अंतर, फ्यूजचं रेटिंग, एम१२ च्या पाच पिनांचा क्रम आणि गास्केट शेवटचं बदलल्याची तारीख. अक्षरं मोठी, म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या मदतनिसाला फोनवरून वाचून दाखवता येतील.